उजव्या कडेचा रक्षक

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे कागदपत्रें, शिलालेख व नाणीं यांचीच आठवण आम्हांस प्रथम होते. विसाव्या शतकानें त्यांत चित्रफितीची भर घातली. कागदावरील मजकुरास वाचक पुरावा मागतो. शिलालेख कोरविणाऱ्याचा हेतु काय होता, असें तो विचारतो. परंतु फितीवर माणूस प्रत्यक्ष हालतांना व बोलतांना दिसला, कीं हे सारे प्रश्न तो विसरतो. डोळ्यांनीं पाहिलें, आतां आणखी काय पाहिजे, असें त्यास वाटतें. ही श्रद्धा कितपत योग्य आहे? एका माणसाच्या अठ्ठावीस वर्षांच्या कामाची नोंद एका पारड्यांत व कांहीं मिनिटांची फीत दुसऱ्या पारड्यांत घातली, तर लोकांच्या आठवणींत कोणतें पारडें जड ठरतें? इंग्लंडमधील फुटबॉल-खेळाडू फिल नील याच्या चरित्रांत हा प्रश्न फार स्पष्टपणें उभा राहतो, म्हणून तें चरित्र येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नील हा रक्षक होता, आणि तोहि उजव्या कडेचा. या जागेचा थोडा इतिहास प्रथम सांगितला पाहिजे. जुन्या इंग्लिश पद्धतींत गोलरक्षकाच्या पुढें दोनच रक्षक असत व ते मैदानाच्या मध्याजवळ उभे राहून गोल सांभाळीत. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढें दिला जात असतां आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असले पाहिजेत असा पूर्वींचा दंडक होता, तो दोहोंवर आला. गोलांचा पाऊस पडूं लागला, तेव्हां आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननें आपला मधला खेळाडू मागें घेऊन तिसरा रक्षक केला, आणि दोघे जुने रक्षक दोन्ही कडांना सरकले. पुढें १९५८ सालीं ब्राझीलनें जगज्जेतेपद मिळविलें तें चार रक्षकांच्या रांगेनें. तेव्हांपासून कडेच्या रक्षकावर दुहेरी काम पडलें. आपली कड राखावयाची, आणि संधि सांपडली कीं चेंडू घेऊन पुढेंहि जावयाचें. मात्र काम दुप्पट झालें म्हणून कीर्ति दुप्पट झाली नाहीं. गोल करणाऱ्याची कर्तबगारी फलकावर लागते; रक्षकाची कर्तबगारी म्हणजे न झालेले गोल. न घडलेल्या गोष्टींची बखर कोणी लिहीत नाहीं.

फिलिप जॉर्ज नील याचा जन्म १९५१ सालीं नॉर्थम्प्टनशायरमधील अर्चेस्टर या गांवीं झाला. हा परगणा जोडे बनविण्याच्या धंद्यासाठीं पिढ्यानुपिढ्या प्रसिद्ध. तेथील नॉर्थम्प्टन टाउन या क्लबला लोक प्रेमानें ‘मोची’ याच नांवानें हांक मारतात. १९६८ सालीं नील या क्लबांत शिरला. क्लब लवकरच लीगच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, विभागांत गेला. तेथें सहा वर्षें त्यानें पडेल त्या जागीं खेळून काढलीं. चौथ्या विभागांतील तेविशीच्या खेळाडूकडे मोठ्या क्लबांचें लक्ष सहसा जात नाहीं. नीलकडे तें गेलें, याला कारण लिव्हरपूलमध्यें त्याच सुमारास झालेला एक बदल होय.

१९७४ च्या उन्हाळ्यांत बिल शँक्लीनें लिव्हरपूलचें व्यवस्थापकपद अचानक सोडलें. शँक्ली वाणीचा व तेजाचा पुरुष. त्याच्या शब्दासरशीं सारें शहर हालत असे. त्याच्या जागीं कोणी नामांकित माणूस न आणतां क्लबनें त्याचाच साहाय्यक बॉब पेस्ली याला बसविलें. पेस्ली हा पूर्वीं लिव्हरपूलचाच खेळाडू. १९५० च्या एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यांत त्यानें गोल केला, तरी अंतिम सामन्यांतून त्यास वगळण्यांत आलें होतें. तें त्यानें गिळलें, आणि पुढें दुखऱ्या स्नायूंची निगा राखणें, तालीम घेणें व शँक्लीच्या मागें उभें राहणें यांत त्याचीं कितीएक वर्षें गेलीं. अबोल स्वभावाच्या या माणसानें नऊ वर्षांत सहा वेळां लीगचें अजिंक्यपद व तीन वेळां युरोपियन कप जिंकून दाखविला. व्यवस्थापक झाल्यावर त्यानें विकत घेतलेला पहिला खेळाडू म्हणजे फिल नील. ऑक्टोबर १९७४ मध्यें ६६,००० पौंडांस हा सौदा झाला, आणि पुढच्याच महिन्यांत एव्हर्टनविरुद्ध नील प्रथम मैदानावर उतरला.

लिव्हरपूलच्या अॅनफील्ड या क्रीडांगणावर त्या वेळीं एक लहानशी खोली होती. खेळाडूंचे बूट तेथें ठेवीत, म्हणून तिला ‘बूट रूम’ म्हणत. शँक्लीचे सारे साहाय्यक सामन्यानंतर या खोलींत बसून काय चुकलें, कोण थकला, कोणाचा गुडघा दुखतो, याची चर्चा करीत. पेस्ली येथलाच. त्याच्यानंतर १९८३ सालीं व्यवस्थापक झालेला जो फेगन हाहि येथलाच. आणि तरुणपणीं क्लबचा डावा रक्षक व कप्तान असलेला रॉनी मोरन यानेंहि आपलें उर्वरित आयुष्य येथेंच घालविलें. दुसऱ्या जागेवर वर्षानुवर्षें उभें राहणें हा या घराण्यांत कमीपणा नव्हता. ती विद्या होती. पेस्लीनें पहिली निवड नीलची केली ही गोष्ट म्हणूनच आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

त्या निवडीचें फळ आंकड्यांत सांगतां येतें. नील लिव्हरपूलसाठीं एकंदर ६५० सामने खेळला. त्यांपैकीं ४१७ सामने सलग झाले. ऑक्टोबर १९७६ पासून सप्टेंबर १९८३ पर्यंत, जवळजवळ सात वर्षें, लिव्हरपूलचा संघ कोणत्याहि स्पर्धेंत मैदानावर उतरला आणि त्यांत नील नाहीं, असें एकदांहि झालें नाहीं. हिवाळ्याचा चिखल, गोठलेली जमीन, दोन दिवसांआड प्रवास, पायावर बसणारे घाव, हें सारें जमेस धरून या आंकड्याकडे पाहावें. १९७६ पासून १९८४ पर्यंत लिव्हरपूलनें सात वेळां लीग जिंकली, त्या सातहि वेळीं तो संघांत होता. १९७७, १९७८, १९८१ व १९८४ या चारहि सालच्या युरोपियन कपच्या विजयी अंतिम सामन्यांत खेळलेला लिव्हरपूलचा खेळाडू एकच, आणि तो नील.

रक्षकाचें नांव गोलांच्या यादींत क्वचितच सांपडतें. पण रोम शहरानें त्याला दोनदां ती संधि दिली. २५ मे १९७७ रोजीं बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाख या जर्मन संघाविरुद्ध अंतिम सामना चालला असतां, शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं होतीं तेव्हां पेनल्टी मिळाली. ती नीलनें घेतली, व ३-१ असा निकाल पक्का होऊन लिव्हरपूलकडे पहिला युरोपियन कप आला. त्याआधीं चारच दिवस एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांत मॅंचेस्टर युनायटेडकडून हार झाली होती, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. सात वर्षांनीं त्याच मैदानावर खुद्द रोमाच्या संघाविरुद्ध पहिला गोल नीलनेंच केला. तो सामना १-१ असा बरोबरीचा झाला, आणि पेनल्टींवर निकाल लागावयाचा असतां लिव्हरपूलची पहिलीच पेनल्टी फुकट गेली. दुसरी नीलनें घेतली व गोल केला. साठ-सत्तर हजार लोक आपल्या विरुद्ध ओरडत असतां, आधींचा सोबती चुकलेला असतां, शांतपणें पुढें जाऊन चेंडू ठेवणें हें काय असतें, तें ज्यानें त्यानें मनाशीं ताडून पाहावें.

इतकें असूनहि सप्टेंबर १९८३ हा महिना त्याच्या चरित्रांत विचित्र ठरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांतून तो पन्नासावा सामना डेन्मार्कविरुद्ध वेम्ब्ले येथें खेळला. त्यांत चेंडू त्याच्या हातास लागला, डेन्मार्कला पेनल्टी मिळाली, व सिमॉन्सननें गोल करून सामना १-० असा जिंकला. याच सिमॉन्सननें १९७७ सालीं रोममध्यें जर्मन संघाचा गोल केला होता! या पराभवानें पुढील सालच्या युरोपीय स्पर्धेची इंग्लंडची वाट जवळजवळ बंद झाली, आणि नील राष्ट्रीय संघांत पुन्हा खेळला नाहीं. त्याच महिन्यांत दुखापतीमुळें ४१७ सामन्यांची मालिकाहि संपली.

यापुढचा प्रसंग दारुण आहे. २९ मे १९८५ रोजीं ब्रुसेल्स येथील हेझेल क्रीडांगणावर युव्हेंटसविरुद्ध अंतिम सामना व्हावयाचा होता. सामन्यापूर्वीं लिव्हरपूलच्या बाजूचे प्रेक्षक शेजारच्या भागावर चालून गेले. तेथील माणसें मागें रेटलीं गेलीं. एक भिंत कोसळली. एकोणचाळीस माणसें मेलीं, त्यांत बहुसंख्य इटालियन होतीं. लिव्हरपूलचा कप्तान या नात्यानें नीलला ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहण्याची विनंति करावी लागली. युव्हेंटसचा कप्तान शिरेया यानेंहि तसेंच केलें. ज्याच्या खेळांतील सारी पुण्याई अबोलपणाची, त्याच्यावर बोलण्याचा प्रसंग आला तो असा. सामना तरीहि खेळविला गेला व युव्हेंटसनें तो एका पेनल्टीवर जिंकला. त्या रात्रीच्या जयपराजयास अर्थच उरला नव्हता.

फेगननें निवृत्त होण्याचें आधींच ठरविलें होतें. त्याच्या जागीं केनी डॅल्ग्लिश हा खेळाडू-व्यवस्थापक म्हणून नेमला गेला. वयानें वडील व संघाचा कप्तान असलेल्या नीलकडे ती जागा आली नाहीं. पुढें कप्तानपद हॅन्सनकडे व उजवी कड निकलकडे गेली. डिसेंबर १९८५ मध्यें नीलनें लिव्हरपूल सोडलें. त्याला कधींहि न मिळालेला एफ. ए. कप लिव्हरपूलनें त्यानंतर पांचच महिन्यांनीं जिंकला.

तो गेला बोल्टन वाँडरर्सकडे, खेळाडू व व्यवस्थापक अशा दुहेरी नात्यानें. बोल्टन म्हणजे पडक्या वाड्यासारखा क्लब. १८८८ सालीं लीग स्थापणाऱ्या बारा क्लबांपैकीं हा एक. १९२३ सालीं वेम्ब्लेवर झालेला पहिला अंतिम सामना यानेंच जिंकलेला. परंतु नील आला तेव्हां तो तिसऱ्या विभागांत होता, आणि पैशाची ओढ इतकी, कीं १९८६ सालीं बर्नडेन पार्क या क्रीडांगणाच्या एका टोकाच्या कांहीं जागेवर किराण्याचें मोठें दुकान उभें राहिलें. १९८७ सालीं आल्डरशॉटकडून हार खाऊन क्लब आपल्या इतिहासांत प्रथमच चौथ्या विभागांत उतरला. नीलनें खेळावयास आरंभ केला होता त्याच तळाशीं तो पुन्हा आला. चालकांनीं त्याला काढलें नाहीं व त्यानेंहि काढता पाय घेतला नाहीं. एका वर्षांत, १९८८ सालीं, संघ परत वर आला. १९८९ सालीं खालच्या दोन विभागांसाठीं असलेल्या स्पर्धेंत त्यानें टॉर्कीचा ४-१ असा पराभव करून वेम्ब्लेवर चषक मिळविला. १९९१ सालीं दुसऱ्या विभागांत जाण्याची वाट एका सामन्यावर येऊन ठेपली होती; ट्रान्मिअरनें ती एका गोलानें अडविली. १९९२ सालीं नीलनें बोल्टन सोडलें. हा इतिहास रोमच्या विजयांसारखा झळकणारा नव्हे; परंतु साधनें नसतां घर उभें ठेवण्याचा आहे, आणि तसें काम करणाऱ्याला नुसता हुकमाचा ताबेदार म्हणतां येत नाहीं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों, कारण याच सुमारास तो दुसऱ्या एका जागीं उभा होता, आणि त्याला जगानें ओळखलें तें त्या जागेवरून. १९९० सालीं ग्रॅहम टेलर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक झाला. त्याच्या साहाय्यकांत लॉरी मॅकमेनेमी व फिल नील हे होते. १९९४ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेसाठीं इंग्लंड पात्र ठरण्याची धडपड चालू असतां एका चित्रपट-पथकास संघाबरोबर राहण्याची परवानगी देण्यांत आली. १३ ऑक्टोबर १९९३ रोजीं रॉटरडॅम येथें हॉलंडविरुद्ध निर्णायक सामना झाला. एकटा पुढें निघालेल्या प्लॅटला कोमाननें पाडलें, तरी त्याला मैदानाबाहेर काढलें नाहीं, आणि थोड्याच वेळानें त्याच कोमाननें गोल केला. हॉलंड २-० असा जिंकला. पुढच्या महिन्यांत चिमुकल्या सान मारीनोनें इंग्लंडवर पहिला गोल केला तो दहा सेकंदांच्या आंत. तो सामना इंग्लंडनें ७-१ असा जिंकला, पण स्पर्धेचें दार बंद झालें व टेलरनें राजीनामा दिला. १९९४ च्या जानेवारींत ती फीत लोकांनीं घरोघर दूरचित्रवाणीवर पाहिली. तींत मैदानाच्या कडेला कासावीस झालेला टेलर होता, आणि त्याच्या शेजारीं त्याच्याच बोलण्यास दुजोरा देणारा, त्याचेच शब्द पुन्हा उच्चारणारा नील होता. लोक हंसले. आपल्याकडे ज्याला होयबा म्हणतात, तें नांव इंग्रजी भाषेंतील त्याच अर्थाच्या शब्दानें त्याला चिकटलें. ४१७ सामने मागें पडले व कांहीं मिनिटें पुढें आलीं.

आतां या थट्टेचा विचार करूं. आमच्या पोवाड्यांत शाहिराच्या मागें झिलकरी उभा असतो. शाहिरानें ओळ टाकली, कीं तो ‘जी जी’ म्हणून ती उचलून धरतो. तो नवें कांहीं सांगत नाहीं. त्याच्या आधारावर शाहीर श्वास घेतो व पुढची ओळ आठवतो. झिलकऱ्यालाच तेवढा वेगळा काढून ऐकविला, तर तोहि हास्यास्पद वाटेल. ऐन सामन्यांत, निकाल हातचा जात असतां, साहाय्यकानें करावयाचें तरी काय? हजारों लोकांसमोर मुख्याशीं वाद घालावयाचा? वाद घालण्याची जागा निराळी असते. ती बंद दाराआड असते, आणि तेथें चित्रपटवाला नसतो. पेस्ली शँक्लीशीं काय बोलत असे, मोरन फेगनच्या कोणत्या मताला नाहीं म्हणे, याची फीत कोणाजवळ नाहीं, म्हणूनच त्यांचें शहाणपण अभंग राहिलें. योगायोग असा, कीं अॅनफील्डवरील ती बूट ठेवण्याची खोली १९९३ सालींच पाडण्यांत आली, व त्या जागेचा उपयोग वार्ताहरांच्या सोयीसाठीं करण्यांत आला.

दुसरी बाजूहि नाकारतां येत नाहीं. स्थैर्य हा गुण खरा. परंतु ज्या व्यवस्थेंत तो वावरतो ती सुदृढ असेल तरच त्याचें चीज होतें. लिव्हरपूलमध्यें शेजारचा खेळाडू कोठें असेल हें नीलला न पाहतां ठाऊक असे. तेथें आपली कड राखणें म्हणजेच संघ राखणें होय. टेलरच्या इंग्लंडमध्यें सारी रचनाच डळमळत होती, आणि डळमळत्या घरांत एकच खांब सरळ उभा राहिला म्हणून छप्पर थांबत नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या जागेवरील माणसानें अधिक कठोर बोलावयास हवें होतें, असें कोणी म्हटल्यास तें आम्ही अन्यायाचें म्हणणार नाहीं. मात्र तो बोलला नाहीं असें ठरविण्यास ती फीत पुरेशी नाहीं. तिनें जें टिपलें तें खरें आहे. जें टिपलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असें मात्र तिच्यावरून सिद्ध होत नाहीं.

नीलचा पुढील प्रवास थोडक्यांत असा. १९९३ च्या शरदृतूंत तो कॉव्हेंट्री सिटीचा व्यवस्थापक झाला व त्या हंगामांत त्यानें संघास प्रीमियर लीगमध्यें अकरावें स्थान मिळवून दिलें. डायन डब्लिन या आघाडीच्या खेळाडूस त्यानेंच १९९४ सालीं कॉव्हेंट्रीस आणलें. १९९५ च्या फेब्रुवारींत ती जागा गेली. १९९६ सालीं कार्डिफमध्यें थोडे महिने काढून तो मॅंचेस्टर सिटीमध्यें स्टीव्ह कॉपेलचा साहाय्यक झाला. कॉपेल सहा सामन्यांनंतर, महिन्याभरांतच, राजीनामा देऊन निघून गेला. नवा व्यवस्थापक येईपर्यंत कांहीं आठवडे संघ कोणी तरी चालविणें प्राप्त होतें. तो नीलनें चालविला, आणि डिसेंबरांत फ्रँक क्लार्क आल्यावर त्याच्या हवालीं केला.

हा शेवटचा प्रसंग कोणत्याहि प्रसिद्ध फितीवर नाहीं, आणि त्यांत जयजयकार करण्याजोगें कांहीं नाहीं. मुख्य माणूस निघून गेला असतां रिकामी कड सांभाळून राहणें, एवढेंच त्यांत आहे. रक्षकाचें काम तरी दुसरें काय असतें? इतिहास लिहिणाऱ्यानें फीत जरूर पाहावी. पण तिच्या शेजारीं हजेरीपटहि उघडून ठेवावा, आणि ज्या पानावर एकहि गैरहजेरी नाहीं तें पान रिकामें समजून उलटूं नये.